गुरांमागे गेलेली शाळा : ताराबाई मोडक



अंगणवाडी हा शब्द आपल्या घरोघरी आहे. लेकरू तीन वर्षांचे झाले की आपण त्याला अंगणवाडीत घालतो. तिथल्या सेविकाताई आपल्या ओळखीच्या असतात. खिचडीची वेळ आपल्याला ठाऊक असते आणि वजन करण्याचा दिवसही. पण शाळेच्या नावात अंगण का आले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. ज्या बाईंनी हा शब्द रूढ केला त्यांनी मराठीला आणखी एक शब्द दिला होता. तो मात्र पुस्तकांतच राहिला. तो शब्द म्हणजे कुरणशाळा. कुरणात, गुरांच्या मागे, झाडाखाली भरणारी शाळा. या बाई म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक. आजच्या अंकात त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाचे, म्हणजे जुन्या रूढींना न जुमानणारे. मुलींनी शिकावे की नाही, असा प्रश्नच त्या घरात नव्हता. 1914 साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

पुढच्याच वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. यजमान वकील होते. हा संसार मात्र टिकला नाही. 1921 मध्ये दोघे कायद्याने वेगळे झाले. आज शंभर वर्षांनंतरही आपल्या गावात अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा काय असेल याची कल्पना करावी. पदरात लहान मुलगी होती. ताराबाईंनी नोकरी धरली ती थेट राजकोटला. तिथल्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पगार चांगला होता, मान होता. आयुष्य तिथेच सुखाने गेले असते.

पण राजकोटहून जवळच भावनगर आहे, आणि भावनगरला तेव्हा एक वेगळेच काम सुरू झाले होते. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी वकिली सोडली होती आणि 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले होते. लहान मुलांवर या माणसाची इतकी माया की लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, नंबर नव्हते. गाणी, गोष्टी, बागकाम, मातीकाम होते, आणि गावाबाहेर फिरायला नेणे हा शिकण्याचाच भाग होता. ताराबाईंनी 1923 मध्ये प्राचार्यपद सोडले आणि मुलीला घेऊन त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. मोठ्या पगाराची खुर्ची सोडून तीन-चार वर्षांच्या लेकरांमध्ये जमिनीवर बसायचे, हे त्यांच्या ओळखीच्यांना कितपत पटले असेल कोणास ठाऊक.

गिजुभाईंनी ज्यांच्यापासून हे काम घेतले त्या मारिया मॉन्टेसरी इटलीच्या, पेशाने डॉक्टर आणि आपल्याच कॅथलिक श्रद्धेच्या. 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. मूल हे रिकामे मडके नव्हे, त्याला हात, डोळे आणि कुतूहल देऊन देवाने पाठवले आहे, मोठ्यांनी आडवे येऊ नये, असा त्यांच्या शिकवणीचा साधारण अर्थ. ताराबाईंनी तो पुरता पचवला. 1926 मध्ये त्यांनी आणि गिजुभाईंनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक आधी गुजरातीत निघत होते, पुढे ताराबाईंनी ते मराठीत आणले. 1936 मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. त्यांचे नाव सर्वत्र झाले.

इथवरची कथा मोठ्या माणसांच्या कितीतरी चरित्रांत सापडेल. मला महत्त्वाचे वाटते ते यापुढचे, कारण ते त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर केले आणि ते आपल्यासारख्या गावांसाठी होते.

दादर आणि भावनगर ही शहरे. तिथल्या बालमंदिरात येणारी मुले खाऊनपिऊन सुखी घरांतली. मॉन्टेसरी पद्धतीची साधने, म्हणजे लाकडी ठोकळे, दट्टे, रंगीत फळ्या, सगळे महाग. खेड्यातल्या शाळेला ते परवडणार कसे? ही अडचण ताराबाईंना टोचत होती. याच सुमारास आपल्या वर्धा जिल्ह्यात एक मोठी घडामोड झाली. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती आणि गांधीजींची नई तालीम तिथून सुरू झाली होती, पण ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. 1945 च्या जानेवारीत सेवाग्रामला पुन्हा परिषद झाली आणि सात वर्षांखालच्या लेकरांचाही विचार त्यात आला. खेड्यातल्या त्या वयाच्या मुलाला काय शिकवायचे, कशाने शिकवायचे, कोणी शिकवायचे, हे सगळे करून पाहायचे बाकी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी डहाणू तालुक्यात येते. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, 2014 पासून पालघर. ताराबाईंच्या जोडीला होत्या अनुताई वाघ. बालपणी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, पुण्यात शिक्षिका झालेल्या, ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. गुरू आणि शिष्या म्हणा किंवा आई आणि लेक म्हणा, दोघींचे नाते अखेरपर्यंत राहिले.

बोर्डीला बालवाडी तयार झाली, पण मुले येईनात. गोरगरिबांच्या वस्तीतली मुले तर नाहीच. आई सकाळीच मजुरीला गेलेली, मुलाला कोणी आणून सोडायचे? वाट वरच्या आळीतून जाते, तिथे कोणी बोलेल याची भीती. अंगावर धड कपडा नाही याची लाज. ताराबाई आणि अनुताईंनी यावर जो उपाय काढला तो इतका साधा आहे की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटते. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या वस्तीत जावे. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडायचे, तिथेच मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे काढायची, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. भिंत नाही, कुंपण नाही. आई दारातूनच सगळे पाहते आहे, त्यामुळे तिची भीती जाते. पुढे तीही कडेला येऊन बसते. हीच अंगणवाडी.

मग 1957 च्या सुमारास केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. कोसबाडचा परिसर वारली आदिवासींचा. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीत ही माणसे पिढ्यानपिढ्या पिचली होती. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांचा मोठा लढा झाला होता. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसावर त्यांनी विश्वास का ठेवावा? पाटी-पुस्तक घेऊन येणारा माणूस त्यांच्या अनुभवात कर्जाचा कागद घेऊन येणाराच असायचा.

आणि अंगणवाडीची युक्ती इथे अपुरी पडली. लहानगी अंगणात सापडत, पण सहा-सात वर्षांपुढचे मूल अंगणात सापडतच नसे. ते पहाटे गुरे घेऊन रानात जाई आणि दिवस मावळता परत येई. गुरे राखण्याच्या बदल्यात त्याच्या पोटाची सोय होई. त्याला शाळेत बसवायचे म्हणजे घरातला एक घास कमी करायचा. आईबाप नको म्हणत ते अडाणीपणामुळे नव्हे. हिशेब त्यांना कळत होता.

तेव्हा शाळा आणखी पुढे गेली. शिक्षक पिशवी घेऊन गुराख्यांबरोबर कुरणात जाऊ लागला. गुरे चरायला लागली की मुले झाडाखाली जमत. पिशवीत पाटी, खडू, चित्रे, गोष्टीची पुस्तके. बाकीचे सगळे रानात होतेच. मोजायला खडे आणि बिया. आकार शिकायला पाने, कोणते लांबट, कोणते गोल, कोणते करवतीसारख्या कडेचे. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत शिकायला शिंपले, गोटे, फांद्या, साली. अक्षर गिरवायला माती. परदेशी लाकडी साधनांनी जे साधायचे होते ते कोसबाडला बांबू, वाळका भोपळा, बिया आणि शंख-शिंपल्यांनी साधले, आणि तेही फुकट.

इथे शिक्षकाची एक अडचण होई, आणि माझ्या मते कुरणशाळेचे मर्म त्या अडचणीतच आहे. पिशवीतले ज्ञान शिक्षकाजवळ, पण रानातले ज्ञान मुलांजवळ. वारली मुलाला कोणता कंद खायचा आणि कोणता कडू हे कळते. कोणत्या झाडाचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, पावसाची पहिली सर कोणत्या डोंगरावरून येणार, ओढ्यात मासा कोणत्या दगडाखाली सापडतो, पाखरांचा कलकलाट उगाच आहे की जवळ साप आहे म्हणून, हे त्याने वडीलधाऱ्यांच्या मागे फिरून शिकलेले असते. शहरातून आलेल्या शिक्षकाला यातले काही येत नाही. रानात गुरुजी अडाणी आणि गुराखी जाणता. शाळेच्या चार भिंतींत हे कधी उघडे पडत नाही, कारण तिथे फक्त गुरुजींचेच प्रश्न विचारले जातात. कुरणात मुलाने आधी गुरुजींना झाडांची नावे सांगायची आणि मग ती नावे पाटीवर कशी लिहायची ते गुरुजींनी दाखवायचे. देणेघेणे बरोबरीचे झाले. ज्या मुलाला सगळीकडे हाडतुडच मिळाली त्याला आपल्यालाही काही येते हे पहिल्यांदा कळले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारच.

मुलींचा प्रश्न वेगळा होता. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. मग ताराबाईंनी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणली. तिला नाव दिले विकासवाडी. मुलीने भावंडाला घेऊनच यायचे, त्याला पाळणाघरात ठेवायचे आणि आपण वर्गात बसायचे. मधल्या सुट्टीत पाहून यायचे. पाळणाघरामुळे मोठ्या मुलींनाही लहान लेकराची काळजी कशी घ्यावी ते आपसूक कळले.

या सगळ्यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वाजवी आहे. गुरे राखणाऱ्या मुलामागे शाळा नेणे म्हणजे त्याच्या मजुरीला मान्यता देणेच नाही का? त्याला गुरांपासून सोडवायला नको का? मला वाटते, ताराबाईंनी कुरणशाळेला शेवटचा मुक्काम कधी मानलेच नाही. उपाशी घराला आधी कामातून मूल सोडा म्हणायचे आणि मग शिकवू म्हणायचे, यात मुलाची चार-पाच वर्षे निघून जातात. ती वर्षे त्यांनी वाया जाऊ दिली नाहीत. आज कायदा वेगळा आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा हा हक्क आहे. तो हवाच होता. पण कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. आत गेल्यावर ते मूल आपल्या रानातल्या जाणतेपणासकट आत जाते की तो दाराबाहेर काढून ठेवावा लागतो, हे कायद्यात लिहिता येत नाही.

आपल्या वडनेरकडेच पाहू. हायवेच्या दोन्ही अंगांना शिवार आहे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. सकाळी आखरावर गुरे जमत आणि गुराखी ती घेऊन निघे, हे चित्र आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. त्यांना पळसाच्या पानांची पत्रावळ लावता येते, मोहाची फुले कधी वेचायची ते कळते, टेंभराचे आणि चारोळीचे झाड लांबून ओळखता येते, मातीवरच्या पावलावरून रानडुक्कर गेले की नीलगाय हे सांगता येते. त्यांच्या नातवंडांना यातले किती येते? शाळा पक्की झाली, गणवेश आला, पुस्तके आली, आणि हे चांगलेच झाले. पण कापूस वेचणीच्या दिवसांत अजूनही एखादे बाक रिकामे दिसते. आणि बाकावर बसलेली मुले घरी आल्यावर मोबाईलमध्ये वाघ पाहतात. आपल्याच जिल्ह्यात बोरचे जंगल आहे, खऱ्या वाघाचे, हे त्यांतल्या काहींना ठाऊकही नसते.

ताराबाईंच्या पद्धतीला फार खर्च लागत नाही, हे त्यांनी स्वतःच करून दाखवले. एक पिशवी, एक झाड, एक मोठा माणूस ज्याला मुलांमागे चालण्याची सवय आहे, आणि गावातला एखादा आजोबा ज्याला रान येते. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या ताई-दादांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलांना शिवारात न्यावे आणि सोबत अशा एखाद्या आजोबांना घ्यावे. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने निर्माण केलेली झाडे आणि पाखरे ही मुलांसाठी केवळ चित्रे का राहावीत? एवढेच पाहावे की आजोबा बोलत असताना ताई-दादांनी मध्ये बोलू नये. शिकवण्याची सवय लागलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते.

ताराबाईंना भारत सरकारने 1962 मध्ये पद्मभूषण दिले. त्यानंतरही त्या कोसबाडलाच राहिल्या. 31 ऑगस्ट 1973 रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 तालुका-गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका वस्तीत कोणाच्या तरी अंगणात झाडू मारून सुरू झालेली गोष्ट इतकी वाढली. आता ती बहुतेक ठिकाणी खोलीत भरते. पावसापाण्यात खोली हवीच, आहारही हवा, लसही हवी. कुरणशाळेला मात्र सरकारी योजनेत जागा मिळाली नाही. तिचा नमुना छापून सगळ्या राज्यांत पाठवता येण्यासारखा नव्हता. प्रत्येक रानाची झाडे वेगळी, प्रत्येक रानातले जाणते वेगळे.

ताराबाईंच्या मागे कोसबाडची टेकडी अनुताईंनी सांभाळली. गावोगावच्या बालवाडी शिक्षिकांना त्यांनी तिथे तयार केले आणि तिथल्या अनुभवांवर कोसबाडच्या टेकडीवरून हे पुस्तक लिहिले. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1992 मध्ये त्याही गेल्या. बोर्डीला आल्यापासून तोवर सत्तेचाळीस वर्षे झाली होती. त्यांतली पहिली जवळजवळ अठ्ठावीस त्यांनी ताराबाईंबरोबर काढली आणि उरलेली ताराबाईंचे काम करत.